पाचवा ठिपका

१

संध्याकाळी घरी आले की मी आधी कपडे बदलायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मगच ठकीला जवळ घ्यायचे. नणंद हसायची. "वहिनी, उजेड काय साबणानं जातो?"

तिचं बरोबर असेल. पण आमच्या कामातला उजेड डोळ्यांना दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते कपड्यांना चिकटून घरी येत नाही हे मला कोण सांगणार? सातवीपर्यंतच्या पुस्तकांत तरी तसं काही लिहिलेलं नव्हतं.

मी लेझर दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये जुळवणीच्या टेबलावर बसायचे. धातूवर, काचेवर नावं कोरणारी यंत्रं आमच्याकडं यायची. एक लांबट पेटी, तिच्या एका टोकाला डायोड. डायोडमधून न दिसणारा उजेड निघतो, स्फटिकात शिरतो, दोन आरशांच्या मधे मागं-पुढं आपटत राहतो, आणि सगळं नीट जुळलेलं असेल तर पेटीच्या तोंडातून हिरवी रेघ बाहेर पडते. हिरव्यापासून माणूस जपून राहतो, कारण ते दिसतं. आधीचा तो न दिसणारा उजेड डोळ्यात गेला तर पापणीसुद्धा लवत नाही. आतला पडदा जळून जातो आणि माणूस तिथंच बघत उभा असतो.

पहिल्या दिवशी मास्तरांनी हे समजावलं आणि माझ्या हातात चष्मा दिला. "तुझे डोळे गेले तर दुसरी बाई मिळेल," ते म्हणाले. "चष्मा गेला तर दुसरा मिळायला फार वेळ लागतो." सगळे हसले. मीही हसले.

ठकी अजून बोबडं बोलायची. तिच्या पाळणाघरात एकदा नर्स आली होती. तिनं आम्हा आयांना दाखवलं, की खोली अंधारी करायची, छोटा टॉर्च आपल्या नाकाशी, डोळ्याला लागून धरायचा, आणि हातभर लांबून लेकराच्या डोळ्यात बघायचं. दोन्ही बाहुल्या निखाऱ्यासारख्या लाल चमकायला हव्यात. आत गेलेला उजेड परत आला, म्हणजे आत सगळं जागच्या जागी आहे. अधूनमधून बघत जा, असं ती म्हणाली होती. मी रोज बघायचे. बघितल्याशिवाय माझ्या हातून भाजीसुद्धा चिरली जायची नाही.

ठकीनं त्याचा खेळ करून टाकला होता. मी "लपलं" म्हटलं की ती डोळे घट्ट मिटायची, नाकसुद्धा गोळा व्हायचं. "दिसलं" म्हटलं की उघडायची. दोन निखारे. मग मी पडदा सरकवायचे आणि स्वयंपाकाला लागायचे.

२

जुळवणी करताना डायोड बंद ठेवतात. पेटीसमोर एक पांढरं कार्ड उभं करायचं, त्याच्या मधोमध टाचणीएवढं भोक. कार्डाच्या मागून साधा लाल किरण त्या भोकातून पेटीत सोडायचा. पेटीतली प्रत्येक काच त्यातला थोडा उजेड परत फेकते आणि तो कार्डावर लाल ठिपका होऊन पडतो. मागचा आरसा, स्फटिक, रंग बदलणारा दुसरा स्फटिक आणि पुढचा आरसा. चार काचा, चार ठिपके. ज्या त्या काचेचा स्क्रू फिरवत तिचा ठिपका भोकापर्यंत चालवत न्यायचा. सगळे भोकात गेले की जुळलं. मग डायोड चालू करून करंट हळूहळू चढवायचा, की हिरवं येतं.

हे मला ताईंनी शिकवलं. ताई आमच्यात सगळ्यात जुन्या. त्यांचा हात मी कुठंही ओळखला असता. ठिपका भोकाच्या जरा पुढं न्यायच्या, मग अर्धा मागं आणायच्या, तिथं थोडं थांबायच्या आणि मग अलगद आत सोडायच्या. "ढकलायचं नाही," म्हणायच्या. "त्याला वाटलं पाहिजे, आपले आपणच गेलो."

ती काळी पेटी आली तेव्हा तिच्यावर ना कंपनीची पट्टी होती ना गिऱ्हाइकाचं नाव. मास्तर म्हणाले, "हिरवं येत नाही एवढंच. बाकी ठणठणीत आहे."

मी ती टेबलाला बोल्टनी आवळली, कार्ड लावलं, लाल किरण सोडला. कार्डावर पाच ठिपके पडले.

आधी मला काहीच वाटलं नाही. आरशाच्या पाठीचाही कधी कधी ठिपका पडतो. बोटाचा डाग असला तरी पडतो. मी काचा अल्कोहोलनं पुसल्या. पाच. मग पुढचा आरसा काढून बघितला. त्याचा ठिपका गेला, पाचवा राहिला. स्फटिक काढले. मागचा आरसा काढला. चारही काचा मऊ कागदावर ओळीनं मांडून ठेवल्या. पेटी रिकामी होती, आणि कार्डावर एक ठिपका होता.

मास्तर वाकून बघून गेले. "तळ चमकत असेल."

मी पेटीच्या तळाला आणि भिंतींना काळं कापड लावलं. ठिपका होता तिथंच होता. बाकीच्यांपेक्षा जरा मऊ, कडेला फिका, मधे गडद. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती त्याच्याकडं बघत बसले, तेव्हा तो मिटला आणि उघडला.

वीज गेली-आली असेल, असं मी म्हटलं. पण डोक्यावरचा दिवा काही लुकलुकला नव्हता.

३

जेवून परत आले तर ठिपका नव्हता. माझ्या जिवात जीव आला. काचा परत बसवल्या, चार ठिपके सरळ भोकात घातले, डायोड चालू केला. हिरवं आलं नाही. करंट चढवला तरी नाही. पेटीला कशाची तरी वाट बघायची असावी तसं तिनं तोंड काळंच ठेवलं.

चहाच्या वेळी लाल किरण पुन्हा सोडला, तर पाचवा परत आला होता. आता तो सारखा मिटत-उघडत होता, झोपेतून उठल्यासारखा.

संध्याकाळी पाळणाघरातल्या मावशी म्हणाल्या, "आज फार झोपली हो तुमची. जेवल्यावर जी पसरली ती चहाच्या वेळेला उठवली. तरी डोळे चोळत बसली होती."

मी "हो का" म्हटलं आणि ठकीच्या चपलेचा पट्टा लावला. पट्टा लावताना माझी बोटं थांबली. मग मी स्वतःला चांगलं झापलं. सगळ्या गावातली लेकरं दुपारी झोपतात. सगळ्या गावातली लेकरं चहाच्या वेळेला उठतात.

दुसऱ्या दिवशी मी ताईंना सांगितलं. त्या डबा धूत होत्या.

"किती ठिपके म्हणालीस?"

"पाच. काचा काढल्या तरी एक राहतोच."

त्यांनी डबा पुसला, झाकण लावलं, परत उघडून पुन्हा पुसला. "घरी कोण कोण असतं तुझ्या?"

"हे, सासूबाई, नणंद. आणि ठकी."

"ठकी केवढी आहे?"

"बोबडी बोलते अजून. का हो?"

"सहज विचारलं." ताईंचे यजमान बरीच वर्षं घरीच होते. एकाएकी दिसेनासं झालं होतं त्यांना. डोळ्यांच्या शिरा सुकल्या, असं ताई सांगायच्या, आणि कुणी पुढं विचारलं तर विषय बदलायच्या.

"मास्तरांना म्हणू का, पेटी परत पाठवा म्हणून?" मी विचारलं.

"म्हणून बघ."

मी म्हणून बघितलं. मास्तरांनी मान वर न करता ऐकून घेतलं. "बाकीच्यांना पाच ठिपके दिसत नाहीत, तुलाच दिसतात?"

"तुम्हीही बघितला की तो."

"मी तळ चमकतोय म्हणालो होतो." त्यांनी मान वर केली. "हे बघ, आज हिरवं आलं पाहिजे. नसेल जमत तर उद्यापासून घरी बस, पोरगी सांभाळ. तिचीच काळजी ना तुला सारखी? मग सांभाळ."

यांचं काम सुटून बरेच दिवस झाले होते. घर माझ्या हातावर चाललं होतं, हे मास्तरांना माहीत होतं. ते मुद्दाम हळू आवाजात बोलले, आणि सगळ्यांना ऐकू गेलं.

जागेवर येऊन बसले तेव्हा ताई माझ्या मागून जात होत्या. थांबल्या नाहीत. जाता जाता म्हणाल्या, "पेटीच्या बुडाशी एक स्क्रू आहे. लाल रंग घालून बंद केलेला."

"तो कशाचा?"

"कशाचाच नाही. त्यानं पाचवा हलतो."

४

ठिपका काढता येत नसेल तर भोकात घालायचा, ही आमच्या धंद्यातली जुनी चलाखी. भोकात गेलेला ठिपका कार्डावर दिसत नाही, आणि तपासणारा कार्डच बघतो. आम्ही सगळ्याच तसं करायचो. मला त्यात काही गैर वाटलं नाही.

रंगाचं टरफल पेचकसानं खरवडून काढलं. स्क्रू फिरवला आणि पाचवा ठिपका पहिल्यांदा सरकला. सरळ सरकला नाही. मी उजवीकडं घेतला की तो जरा अडायचा, अंग चोरल्यासारखा, आणि मग यायचा. बोटांना ते कळत होतं. लोखंडाच्या स्क्रूमधून तसं काही कळायला नको, पण कळत होतं. हट्टानं मान फिरवणाऱ्या लेकराची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवावं लागतं, तसं.

माझा हात ताईंएवढा हलका नाही. भोकाच्या कडेशी ठिपका भराभर मिटायला लागला. मी दात आवळले आणि ढकलला.

कार्ड स्वच्छ झालं. डायोड चालू केला. करंट अजून निम्माही चढला नव्हता, तोवर पेटीच्या तोंडातून हिरवी रेघ सुटली. इतकं भरदार हिरवं मी कधी बघितलं नव्हतं. समोरच्या विटेवर पडलं तर वीट धुरायला लागली. मास्तर पळत आले. माझ्या पाठीवर थाप मारून सगळ्यांना म्हणाले, "याला म्हणतात हात. शिका काहीतरी." मला फार बरं वाटलं. ताई तेवढ्या आपल्या टेबलावरून उठल्या नाहीत.

पाळणाघरात मावशी हसत सांगायला आल्या. "आज काय गंमत झाली. चहाच्या वेळेचा खाऊ खाता खाता ही एकदम थांबली आणि 'हिरवं, हिरवं' म्हणायला लागली. हसतेय काय, टाळ्या काय वाजवतेय. ताटात हिरवं काही नाही, भिंतीवर नाही. काय गं हिरवं म्हटलं, तर डोळ्यावर बोट ठेवून दाखवते."

घरी येऊन मी कपडे बदलले नाहीत. हात धुतले नाहीत. पडदा ओढला, ठकीला खाटेवर बसवलं आणि टॉर्च नाकाशी धरला.

"लपलं."

तिनं डोळे मिटले.

"दिसलं."

तिनं डोळे उघडले. उजवीकडं निखारा होता. डावीकडं काही नव्हतं. बाहुली होती, पापण्या होत्या, ती माझ्याकडं बघून हसतही होती. पण उजेड आत जात होता आणि परत येत नव्हता.

५

पुढल्या दिवशी डॉक्टरांनी थेंब घातले, यंत्राला डोळा लावून बराच वेळ बघितलं. "डावा गेलाय. आधीपासूनच असेल. तुमच्या लक्षात आलं नसेल."

"मी रोज बघते, डॉक्टर. परवापर्यंत होता."

"काम कुठं करता?"

मी सांगितलं. त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. "घरी काही आणता तिथलं? खेळायला वगैरे दिलं होतं हिला?"

हे बरोबर आले होते. घरी पोचल्यावर, दारात चपला काढताना बोलले. "रोज तिच्या डोळ्यात टॉर्च मारत होतीस. रोज. मी बघत होतो आणि गप्प बसत होतो." सासूबाईंनी ठकीला माझ्या हातातून काढून घेतलं. सावकाश, एकेक बोट सोडवून.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ठकीला पाळणाघरात सोडलं, आणि चहाच्या वेळेला मी कुणाला न सांगता वर्कशॉपला पळाले. डोक्यात एकच होतं. तो बुडाचा स्क्रू उलटा फिरवायचा, ठिपका भोकातून बाहेर काढायचा. माझ्या टेबलावर काळी पेटी होती. मी धावत जाऊन बुडाशी हात घातला. लाल रंग जसाच्या तसा होता, कोरा.

"ती गेली," मास्तर म्हणाले. "स्क्रू चिकटवले, बांधली, कालच पाठवली. ही तिची जोडी. या पेट्या जोडीनंच येतात. पहिली तू लावलीस, हीपण तूच लाव."

"कुणाकडं गेली? मला पत्ता द्या."

"गिऱ्हाइकाकडं गेली."

मी लाल किरण सोडला. कार्ड सरळ केलं. एक, दोन, तीन, चार. आणि कडेला एक मऊ ठिपका, मधे गडद. मी तोंड पेटीजवळ नेलं. आजूबाजूला पंखे चालू होते, कुणीतरी पलीकडं घासकागद मारत होतं. मी अगदी हळू म्हटलं, "लपलं."

ठिपका गेला.

मी किती वेळ तशीच वाकून होते कोण जाणे. पाचव्याच्या जागी पांढरं कार्ड होतं. तो आपणहून परत येईल असं वाटलं, आला नाही. तो वाट बघत होता. शेवटी मी म्हटलं, "दिसलं." तो आला.

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मास्तरांना म्हटलं, "ही मी लावणार नाही."

मला वाटलं होतं ते चिडतील. ते चिडले नाहीत. "बरं," म्हणाले. "ताई, तुम्ही बसा इथं."

ताई उठल्या. मी त्यांचा दंड धरला. "ताई, तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला सगळं माहीत आहे. मी ही पेटी फोडून टाकते."

"आत काय आहे असं वाटतंय तुला?" ताईंनी विचारलं. "आणि त्याच्यावर हातोडा घालणार?"

माझा हात सुटला.

"तुम्ही नाही म्हणा ना, ताई."

"मी एकदा म्हणाले होते नाही. आमच्या यांच्या वेळेला. पहिली लावली, दुसरीला नाही म्हणून घरी जाऊन बसले. मग मास्तरांनी एका शिकाऊ पोरीला बसवलं. तिचा हात जड." ताईंनी माझ्या खुर्चीवरची उशी झटकली, नीट ठेवली. "फार ओरडत होते हे. तू घरी जा. माझा हात हलका आहे. तिला कळणारसुद्धा नाही."

त्या बसल्या आणि त्यांनी माझा चष्मा डोळ्यांना लावला. तो त्यांना बरोबर बसला.

६

झोपली की ठिपका नसतो. डोळे मिटले की नसतो. मला एवढंच कळलं होतं आणि एवढंच पुरेसं होतं. पाळणाघरातून ठकीला उचललं, घरी आणलं, आतल्या खोलीची कडी लावली. बाहेरून सासूबाईंनी दार वाजवलं. मी कडी काढली नाही. ठकीला मांडीवर घेतलं आणि तिच्या उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला.

"लपलं," मी म्हटलं.

तिला खेळ आवडला. तळव्याखाली पापण्या फडफडत होत्या, पाखरू धरल्यासारख्या. मी तिला गोष्ट सांगितली, गाणं म्हटलं, थोपटलं. झोपली असती तर बरं झालं असतं, पण ती दुपारी झोपून उठलेली. वर्कशॉप सुटायची वेळ जवळ येत होती. ताई कधी जास्त वेळ थांबत नाहीत, यजमानांना जेवायला वाढायचं असतं. तेवढा वेळ काढला की झालं. उद्याचं उद्या बघू.

"आई, दिसलं म्हण ना."

"अजून नाही."

"म्हण ना, आई."

"थोडं थांब. शहाणी ना माझी?"

पडद्यामागं बाहेरचा उजेड विझत गेला. रस्त्यावर माणसं घरी जाताना बोलत होती. वर्कशॉप सुटलं असणार. ताई आता पिशवी घेऊन निघाल्या असतील. मी तसं दहादा मनाशी म्हटलं. ठकी कंटाळून माझ्या गुडघ्यावर टाचा आपटत होती. माझा हात घामानं भिजला होता, आणि त्या हाताखाली काय आहे ते मला दिसत नव्हतं.

मी हात धरला आहे म्हणून ते तिथं आहेच असं कुठं आहे? कदाचित झालंही असेल. मी रिकाम्या डोळ्यावर हात धरून बसले असेन. किंवा असेल, अजून असेल. एकदाच बघायचं. बघितल्याशिवाय मला कधीच जमलं नाही. निखारा दिसला की लगेच मिटायला सांगायचं, आणि मग सकाळपर्यंत हात काढायचा नाही.

खोली अंधारीच होती. मी उशीखालचा टॉर्च काढला, नाकाशी धरला, तळवा उचलला.

"दिसलं," मी म्हटलं.

तिनं डोळे उघडले. उजवीकडं लाल निखारा, भरलेला, गोल, कालच्यासारखा. "लपलं," म्हणायला मी तोंड उघडलं.

तेवढ्यात निखारा सरकला. ठकी हलली नव्हती. बाहुली माझ्याकडंच होती. तिच्या आतला लाल उजेड मात्र एका बाजूला जात होता, कुठंही न अडता, अलगद. मधल्या जागेच्या जरा पुढं गेला. मग अर्धा मागं आला. आणि तिथं थोडं थांबला.

"लपलं," मी ओरडले. "ठके, लपलं. लपलं."

ती मिटेना. काहीतरी बघत होती. तिच्या तोंडावर हसू पसरत गेलं आणि तिनं दोन्ही हात टाळी वाजवायला वर उचलले.

"आई," ती म्हणाली, "हिरवं."